विहीर की शिडी

४ नोव्हेंबर

हा पाहुणा स्वतःला समजतो कोण?

दुपारी डबा उघडला, शेजारी फोन ठेवला, तर आमच्या बँडवेड्यांच्या ग्रुपवर याचं प्रवचन. "शिडी हा वाजवण्याचा अल्बम आहे. विहीर हा ऐकण्याचा." बस, दोन वाक्यं. आणि खाली टाळ्यांची रांग लागलेली. डबा तसाच बंद केला.

नाव 'पाहुणा'. ग्रुपवर येऊन वर्षही झालं नसेल, आणि पाहुणा म्हणता म्हणता पलंगावर पाय पसरून बसलाय. आल्या दिवसापासून 'विहीर', 'शिडी' अशी मुखपृष्ठावरच्या चित्रांचीच नावं घेतो, आम्हा जुन्या लोकांसारखी. नवे लोक अल्बमची छापील नावं घेतात. हा कुठून शिकून आलाय देव जाणे.

अरे, शिडीच्या पहिल्या गाण्यात सात मात्रांचा ठेका चालू असताना गिटार पाचात शिरते आणि दोघं बरोबर एकाच ठिकाणी येऊन आदळतात, ते काय नुसतं वाजवणं आहे? प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे काय ते याला पाटीवर गिरवायला द्या. मी तसं लिहिलंसुद्धा. जरा जास्तच लिहिलं. 'करवत' हे नाव मी उगीच नाही घेतलेलं.

याचं उत्तर संध्याकाळी आलं. "रिकाम्या पोटी भांडू नये."

आगाऊ!

५ नोव्हेंबर

दादाचा फोन. "तीस तारखेला गाडी घेऊन येतो. आईचं सामान बांधून ठेव."

परस्पर ठरवलं. आमच्याकडे तीन मजले, लिफ्ट नाही, आईचे गुडघे दुखतात, मी सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. त्याचं नवीन घर तळमजल्यावर, पुढे बाग, वहिनी घरी असते. सगळं खरं आहे. खरं आहे म्हणून तर जास्त डोकं फिरतं. खोटं असतं तर भांडले असते.

आईला विचारलं, "तुला जायचंय का?"

"तुम्ही दोघं ठरवाल तसं."

"आम्ही नाही, तू. तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मी तिथेही पाहुणी नि इथेही."

आणि ताटं पुसायला लागली. पुसलेलीच ताटं परत पुसत होती. या बाईने जन्मात कधी 'मला हे हवं' असं म्हटलेलं नाही. भाजी कोणती करू, तुम्ही सांगा. साडी कोणती घेऊ, तुम्ही सांगा. आता कुठे राहू तेही आम्हीच सांगायचं? माझी सटकली. म्हणाले, "मग जा खुशाल."

"बरं," म्हणाली.

बरं!

७ नोव्हेंबर

कृत्रिम दात बनवतो त्या आमच्या लॅबमध्ये एक दाढ वाया घालवली. इतकी घासली की साच्यावर बसवली तर डुगडुगायला लागली. मालक भिंगातून बघत म्हणाले, "दात कोणाचा आहे आणि राग कोणावर आहे?" परत मेण घेतलं, परत पहिल्यापासून.

९ नोव्हेंबर

कौल सुरू झाला. दर नोव्हेंबरात होतो. बँडचे नऊ अल्बम, एकेक बाद करत शेवटी दोन ठेवायचे आणि मग त्या दोघांची कुस्ती. नियम एकच, पण कडक: जागा दाखवा. 'भारी आहे', 'अंगावर काटा येतो' हे आमच्याकडे चालत नाही. कोणतं गाणं, गाण्यात कुठे, काय होतं, ते सांगा आणि मग बोला. सांगितलेली जागा खोटी निघाली तर अल्बम बाद, वकीलही बाद. ग्रुप चालवणाऱ्याचं नाव 'न्यायाधीश'. प्रत्यक्षात फरशा विकतो म्हणे, पण निकाल असे देतो की फाशीच सुनावतोय.

पाहुण्याने आज आपली जन्मकथा सांगितली. "विहीर पहिल्यांदा भिंतीपलीकडून कानावर पडली. भिंतीतून गिटार येत नाही, गाणं येत नाही, फक्त ड्रम येतात. म्हणून आपलं लक्ष ड्रमकडे."

म्हणजे शेजाऱ्याच्या उष्ट्या गाण्यांवर वाढलेला माणूस! आणि हा आम्हाला शिकवणार. मी लिहिलं, "भिंतीला कान लावून पंडित झालेला पहिलाच बघतेय." पाठवल्यावर लक्षात आलं, 'बघतेय' लिहिलं. इतकी वर्षं सगळे मला पुरुष समजत होते, मी समजू देत होते. लगेच तिघांनी विचारलं, "करवत बाई आहे?" पाहुण्याने मात्र काहीच विचारलं नाही.

१२ नोव्हेंबर

आईचा फोन दिवसभर टुण्ण टुण्ण करतो. वहिनी बागेचे फोटो पाठवत असणार. हे झाड, तो झोपाळा, ही तुमची खोली. माझाच जुना फोन तो. देताना त्यातलं माझं काही पुसलंही नाही, कंटाळा केला. कानात घालायच्या वायरी पण मीच दिल्या, मालिकांची रडारड ऐकवत नाही म्हणून. आता कानात वायरी घालून मान खाली घालून बसते. हाक मारली तर ओ नाही. बोटाने एकेक अक्षर शोधत काय काय टाइप करत असते. सुनेशी एवढं बोलता येतं, माझ्याशी मात्र 'मीठ कमी पडलंय का?'

पेटी काढून दिली. तिने त्यात दोन साड्या ठेवल्या. संध्याकाळी बघते तर दोन्ही परत कपाटात.

"अगं, काढल्यास का?"

"रोज नेसायच्या आहेत. शेवटी भरू."

१५ नोव्हेंबर

आज पाहुण्याने सगळ्यांसमोर विचारलं, "करवत, विहीर शेवटची कधी ऐकली?"

ग्रुपला नाही सांगणार. इथे लिहिते.

मी सोळा वर्षांची होते. परीक्षा तोंडावर. विहीरची कॅसेट वर्षभर पैसे साठवून दोनच दिवसांपूर्वी घेतलेली, दिवसातून दोनदा लावायची. बाबा कामावरून लवकर आले, काहीतरी बिनसलेलं होतं त्यांचं. दार उघडलं, टेपरेकॉर्डरमधून कॅसेट काढली, आणि बोट घालून तिची आतडी बाहेर काढली. हातभर, दोन हात, तीन हात. चुरगाळून जमिनीवर टाकली. "हा गोंगाट परत या घरात नको."

बाबांचा राग कधीच सरला. ते तसेच होते, ओरडायचे आणि तासाभराने संत्रं सोलून द्यायचे. गेले तेव्हा रडले मी त्यांच्यासाठी.

राग आहे तो आईचा. आई दारात उभी होती. सगळं बघत होती. मी तिच्याकडे बघितलं. एक शब्द बोलली असती तर! "असू दे हो," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. दाराची चौकट बोलली असती, पण ही नाही बोलली. वळली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर कॅसेट डबीत. गुंडाळून, नीट. दादाने केलं होतं, अशा गोष्टींत त्याचा हात चालायचा. मी थँक्यू म्हटलं, त्याने खांदे उडवले. पुढे वर्षभर ऐकली, आवाज बारीक करून. मग नोकरी लागली, शिडी आली, आणि शिडी कितीही मोठ्याने लावली तरी मला कोणी काही बोलू शकत नव्हतं. विहीर त्यानंतर लावली नाही. ती लागली की मला दारातली आईच दिसते.

म्हणून शिडी. कळलं, पाहुणोबा?

१८ नोव्हेंबर

शेवटचे दोन: विहीर आणि शिडी. शिडीची वकील मी, विहीरचा पाहुणा. न्यायाधीशाने बाकीच्यांना गप्प बसवलं. आता बघतेच याला!

आई विचारत होती, "आज खुशीत दिसतेस?" म्हटलं, "एकाची जिरवायची आहे." हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. मग म्हणाली, "जिरव हो. पण त्याचं ऐकूनही घे."

हिला काय कळतंय, कोण नि काय.

२१ नोव्हेंबर

पाहुण्याने जागा दाखवली.

"विहीर, चौथं गाणं. ध्रुवपद शेवटचं येतं त्याच्या आधी ड्रम अर्धा ठोका गिळतो. अंधारात जिना उतरताना वाटतं अजून एक पायरी आहे, आणि नसते, तेव्हा पाय पडतो ना, तसं. त्या माणसांनी सगळा अल्बम त्या चुकलेल्या पायरीसाठी केला आहे."

वाचून मी साच्यावरचं बोट उचललं. कारण खरं आहे ते. मला तो झटका अजून पाठ आहे. त्या जागी माझी मान आपोआप हलायची. विरोधी वकील असूनही मनात म्हटलं, बरोबर पकडलंस, लेका.

आणि ग्रुप? "कुठली जागा?" "असं काही नाही तिथे." "पाहुणे, कान तपासून घ्या." "भिंतीत पाल चुकचुकली असेल." एकजात सगळे तुटून पडले. अरे बहिऱ्यांनो! एवढी वर्षं काय ऐकलंत? माझं त्याच्याशी हाडवैर, पण खोटं ते खोटं. मी ठणकावून लिहिलं, "जागा आहे. मी शिडीची वकील सांगतेय. गेली अनेक वर्षं मला माहीत आहे."

न्यायाधीश म्हणाला, "उद्या ऐकून सांगतो."

२२ नोव्हेंबर

लॅबमध्ये भट्टीत दात भाजायला ठेवले आणि कानात वायरी घालून विहीर लावली. इतक्या वर्षांनी. चौथं गाणं.

जागा नाही.

गाणं सरळ गेलं. एकही ठोका कमी नाही, कोणी काही गिळलं नाही, धडाधड ध्रुवपदात शिरलं. परत लावलं. टेबलावर बोटांनी मोजलं. सगळे ठोके जागच्या जागी. मालकांना वाटलं मला फीट आली.

मग मी बँडवर घसरले. नवीन आवृत्ती काढताना या गाढवांनी ती जागाच सपाट केली! ग्रुपवर लांबलचक लिहिलं: ज्या एका झटक्यासाठी माणसं जीव टाकतात तो यांना चूक वाटला, दुरुस्त केला, यांची बोटं झडोत, वगैरे वगैरे.

न्यायाधीशाने उत्तर दिलं. "माझ्याकडे पहिल्या वेळची कॅसेट आहे. आत्ताच लावली. जागा नाही, कधीही नव्हती. करवत आणि पाहुणा एकाच माळेचे मणी. विहीर बाद. शिडी विजयी." वर दात काढणारी चित्रं.

पाहुण्याने एवढंच लिहिलं, "जागा आहे. ती मी ऐकली आहे."

जिंकले. जिंकल्यावर इतका संताप कधी आला नव्हता.

संध्याकाळी आई जेवली नाही. गुडघा दुखतोय म्हणाली.

२४ नोव्हेंबर

रविवार. आई काही पेटी भरेना, म्हणून मीच माळ्यावरचं खोकं काढलं. तळाशी कॅसेट. विहीरची. डबीला तडा गेलेला.

वाजवायला घरात काही नाही. पेन्सिल खुपसून हाताने फिरवत गेले, फीत डोळ्यांसमोरून सरकवत. चुरगाळल्याच्या सुरकुत्या अजून आहेत. आणि एका ठिकाणी जोड. पिवळी पडलेली चिकटपट्टी. तेवढी फीत खराब झाली असणार, तिथे कापून काढली आणि दोन टोकं जोडली. कापून काढला तो अर्धा ठोका.



म्हणजे न्यायाधीश खरं बोलला. ती जागा बँडने केलीच नव्हती. ती फक्त या एका कॅसेटमध्ये आहे. ती फक्त आमच्या घरात ऐकू यायची. आणि आम्ही दोघं येडे मोठ्या तोंडाने जगाला सांगतोय, जागा आहे, जागा आहे.

आम्ही दोघं. मग पाहुणा आमच्या घरातलाच! भिंतीपलीकडून ऐकलं म्हणे. भिंतीपलीकडे कोण झोपायचं? दादा. जोड कोणी लावला? दादाने.

वा रे वा! एका हाताने माझी आई न्यायची, दुसऱ्या हाताने बुरखा घालून माझ्याशी भांडायचं. "रिकाम्या पोटी भांडू नये" काय! थांब, बघतेच.

२५ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून दादाला फोन लावला. हॅलो नाही, काही नाही. "पाहुणा तूच ना?"

"कोण पाहुणा?"

"सोंग नको करूस. विहीर. चौथं गाणं. जोड."

"अगं, बरी आहेस ना?"

दहा मिनिटं डोकं खाल्लं त्याचं. त्याला खरंच काही ठाऊक नाही. ग्रुप माहीत नाही. बँडचं नाव आठवेना त्याला, 'ते तुझे कोकलणारे' म्हणाला. मग मी म्हटलं, "कॅसेट तर तू जोडली होतीस. मी थँक्यू म्हटलं होतं."

"मी? मी हातसुद्धा नव्हता लावला. मी तुला टेपरेकॉर्डरचे सेल दिले होते ना माझे, मला वाटलं त्याबद्दल म्हणतेयस."

मग म्हणाला, "आईची पेटी भरून झाली का?"

फोन ठेवला.

२६ नोव्हेंबर

दादा नाही. मग कोण? बाबा? बाबा जाऊन किती काळ लोटला. आणि पाहुणा तर चार दिवसांपूर्वीही लिहीत होता. डोकं चालत नाही.

२७ नोव्हेंबर

कॅसेट लॅबमध्ये नेली. मालक जेवायला गेल्यावर भिंगाखाली जोड धरला. चिकटपट्टी अजून पक्की. आणि खाली फितीची दोन टोकं.

सरळ कापलेली नाहीत. दाते आहेत. बारीक, एकसारखे, करकरीत दाते, एका टोकाचे दुसऱ्या टोकाच्या खाचांत बसवलेले. मी दिवसभर हेच काम करते, वरचा दात खालच्यात नीट बसतो की नाही बघायचं. हे बसलेत. केसाचीही फट नाही. असं बसवायला माणसाला रात्र पुरत नाही.

शिवताना कापडाची कड उसवू नये म्हणून ज्या झिगझॅग कात्रीने कापतात, तिचे दाते आहेत हे.

ती कात्री आमच्या घरात एकच होती. शिलाई मशीनच्या खणात असायची. हात लावला तर ओरडा बसायचा. त्या मशीनवर एकच माणूस बसायचं, आणि मशीन होतं दादा झोपायचा त्या मधल्या खोलीत, माझ्या भिंतीला टेकून.

२८ नोव्हेंबर

काय बोलू? सकाळी आईने डबा हातात दिला. "आज तरी संपव," म्हणाली. इतके दिवस माझा परत आलेला डबा कोण उघडत होतं, जुन्या फोनात माझा ग्रुप कोणाला सापडला असेल, काहीच माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

राग अजून आहे. आता तर दुप्पट आहे. इतकं सगळं पोटात आणि तोंड उघडायला अख्खा ग्रुप लागतो हिला? समोर बसून 'मीठ कमी पडलंय का' आणि तिकडे चुकलेली पायरी? माझ्याशी बोलायला हिला बुरखा घ्यावा लागला, म्हणजे मी काय वाघ आहे?

मग ग्रुपवर मी लिहिलेलं सगळं पहिल्यापासून वाचून काढलं. आहे मी वाघ. पण ही घाबरलेली नाही. एकदाही मागे हटली नाही. सगळ्यांनी टर उडवली तरी म्हणाली, जागा आहे.

पेटी अजून रिकामी. दादा परवा सकाळी येतोय. आईला तोंडावर विचारलं तर काय म्हणेल ते मला पाठ आहे.

२९ नोव्हेंबर

मी बाहेरच्या खोलीत. आई स्वयंपाकघरात. ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "पाहुणा, उद्या जायचं आहे का? दुसरे ठरवतील तसं, हे उत्तर चालणार नाही."

आत टुण्ण वाजलं. भांड्यांचा आवाज थांबला. मी जागची हलले नाही.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

"नाही. आणि विहीरच."